मागचा रॉड बसला हो

तेरवी झाली, पाहुणे गेले, मांडववाला खुर्च्या घेऊन गेला, अन् मी अजून धड बसली नाही. बसाले गेली का उठते. चहा ठेवते अन् विसरते. अंगणात जाते, गाडीभोवती चक्कर मारते, बोनेटवर बोट फिरवून धूळ पाहते अन् आत येते. तुमची बहीण आक्का थांबली आहे माह्यासाठी. ती म्हणते, "वंदना, जराशी टेक वं. पायाले भिंगरी लागली का तुले?" टेकू कुठं? दिवाणावर टेकली का पायाले तुमचं पार्सल लागते.

हाव, तेच. पुठ्ठ्यात गुंडाळलेला तो लांब, वाकडा दांडा. तुम्ही गेले त्याच्या आदल्या दिवशी आला अन् दिवाणाखाली अर्धा आत, अर्धा बाहेर पडून राह्यला. भेटाले येणाऱ्या बाया त्याले अडखळत. एकीनं विचारलं, "हे काय होय वं?" मी म्हणलं, "माही सवत होय." बाईनं पाय मागं घेतला. बाकीच्यायनं एकमेकीकडं पाह्यलं, का हिच्या डोक्यावर परिणाम झाला. झाला असन. मले काय माहीत.

आपली पोरगी नागपूरले परत जाताना म्हणाली, "आई, गाडी विकून टाक. तुले चालवता येत नाही, तुले तिच्यात बसता येत नाही. ठेवून कायले?" तिचं काही चुकलं नाही. गाडीत बसली का मले ओकारी होते, हे साऱ्या आर्णीले माहीत आहे. पण चालवता काहून येत नाही, हे फक्त तुमाले अन् मले माहीत आहे.

तेच मले विचाराचं आहे. लोकं म्हणतात, गेलेल्या माणसासंग भांडू नये. कायले नाही भांडू? भांडण अर्धवट टाकून तुम्ही गेले, मी नाही गेली. मले बाकी काहीच नाही विचाराचं. एवढंच सांगा, तुम्ही मले गाडी शिकवणार होते का नुसतं झुलवून राह्यलते?

मोटरसायकल होती तवा सारं ठीक होतं. वाऱ्यावर मले काही होत नाही. मंग तुम्ही नेरच्या एका डॉक्टरची जुनी पांढरी गाडी आणली. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवला, अन् मी नवी साडी नेसून बाजूले बसली. पहिलीच फेरी माह्या मायरी, पुसदले. दिग्रसपरेंत मी राणीवानी बसलती. पुढं घाट लागला. पहिल्या वळणावर गाडी एका अंगावर कलली, दुसऱ्या वळणावर दुसऱ्या अंगावर, अन् तिसऱ्यावर मी दार उघडलं. पोचलो तवा माह्या मायनं माहं तोंड पाह्यलं, मले बाजूले घेतलं अन् हळूच विचारलं, "या वयात वं? जावई काय म्हणतात?" तुम्ही तिकडं बाहेर गाडीचे चाकं पाहून राह्यलते अन् मी इकडं मायले समजावून राह्यलती का तसं काही नाही.

दुसरा कोणी असता तं म्हणला असता, तू आपली एसटीनं जात जा. तुम्ही तसं म्हणले नाहीत. तुम्ही गाडीखाली शिरले, अन् मंग इतके वर्षं तिथंच राह्यले म्हणा ना.

जिनिंगच्या वजनकाट्यावर तुमची नोकरी. कापसाच्या गाड्या मोजता मोजता एक दिवस काटा रिकामा दिसला तं आपलीच गाडी चढवली. आधी नुसते पुढचे चाकं, मंग नुसते मागचे. घरी येऊन ताटावर बसले न बसले तं सांगाले सुरुवात केली. "वं, सारं वजन नाकावर आहे. इंजन पुढं, गेअर पुढं, ओढणारे चाकं पुढचे अन् वळणारे बी पुढचेच. मागचे चाकं नुसते वरातीतल्या पाहुण्यावानी मागं मागं येतात."

"मंग आपल्या घरासारखंच आहे," मी म्हणलं. "ओढणारं कोण अन् मागं मागं येणारं कोण, सांगू का?"

तुमाले एवढं हसू आलं का वरण नाकात गेलं.

तवापासून या घरात रॉडचा विषय सुरू झाला. गाडीच्या पोटाखाली एक लोखंडी दांडा असते, डावं चाक अन् उजवं चाक एकमेकाले बांधणारा. मेकॅनिक लोकं स्टॅबिलायझर म्हणतात, तुम्ही नुसतं रॉड म्हणत. वळणावर गाडी एका बाजूले दबली का हा दांडा पिळला जाते अन् दुसऱ्याही बाजूले खाली ओढून धरते. दांडा जेवढा जाड, तेवढी गाडी कमी कलते. हे मी शिकली नाही हो. पोळ्या लाटता लाटता माह्या कानात घातलं गेलं. लोकायच्या बायकायले नवरे सोन्याचा भाव सांगतात.

मंग तुम्ही अन् शकीलभाईनं मिळून पुढचा रॉड बदलला. शकीलभाई म्हणजे तुमचे दोस्त, बसस्टँडमागच्या गॅरेजवाले. दोघायचं डोकं एका जागी आलं का मले धडकीच भरे. नागपूरच्या भंगारबाजारातून मोठ्या इंजनवाल्या मॉडेलचा जाड रॉड आणला, दोन दिवस गॅरेजमधे लोळले अन् मले म्हणले, "चाल, आता भाऊबीजेले पुसदले. आता काही होत नाही तुले."

काही होत नाही! गाडीचं कलणं कमी झालं, हे खरं आहे. पण ती वळणावर वळेचना. तुम्ही स्टेअरिंग फिरवून राह्यले अन् ती आपली नाकासमोर सरळ, रस्त्याच्या कडेच्या पळसाकडं. अन् रस्त्यावरचे खड्डे? एक चाक खड्ड्यात गेलं का तो जाड दांडा दुसऱ्याही चाकाले ओढे, अन् माही मान एकदा दारावर अन् एकदा तुमच्या खांद्यावर. त्या भाऊबीजेले घाट लागाच्या आधीच मी खाली उतरली. तुमचं तोंड पाहण्यासारखं झालतं. माह्या पाठीवर हात ठेवून उभे होते अन् सोताशीच बोलून राह्यलते, "चुकलंच. पुढचं आधीच जड आहे, त्यालेच आपण अजून बांधून टाकलं. रॉड मागं पाह्यजे होता."

मी तिकडं आतडे बाहेर काढून राह्यली अन् या माणसाले रॉड सुचून राह्यला. मी वाकल्या वाकल्याच म्हणलं, "मेला तुमचा रॉड." तुम्ही म्हणले, "हो वं, होऊ दे, होऊ दे सारं बाहेर," अन् पाण्याची बाटली पुढं केली. राग बी आला अन् बरं बी वाटलं. तुमच्यासंग माहं नेहमी असंच होत गेलं.

आपल्या गाडीले मागं रॉडच नव्हता. मागं नुसती एक आडवी बीम, दोन चाकायच्या मधात. तिले बाहेरून रॉड बसवा लागते, अन् तो इकडं मिळत नाही, मागवा लागते. तवर तुम्ही पुढचा जुना रॉड परत टाकला, त्याचे रबरी बुश बदलले, लिंका बदलल्या, टायरमधली हवा कमी केली, जास्त केली. तुमच्या हाताचा ग्रीसचा वास काही गेला नाही. गाडी घरी कमी अन् शकीलभाईकडं जास्त. माह्या मायची तब्येत बिघडली तवा बी मी एसटीनंच गेली, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, तोंडात लवंग धरून.

अन् मी तुमाले म्हणत होती, मले शिकवा. स्कूटी मी साऱ्या आर्णीत चालवते. बाजाराच्या दिवशी ट्रॅक्टर, बैलबंड्या, हातगाड्या, मधात बसलेल्या गाई, साऱ्यायच्या मधातून काढते. गाडीत काय आहे एवढं? तुमचं एकच उत्तर. "गाडी नीट होऊ दे, मंग शिकवतो."

"गाडीले काय धाड भरली? चालते तं!"

"चालते वं. पण नीट नाही."

बुश बदलले तरी नीट नाही. लिंका बदलल्या तरी नीट नाही. मी म्हणलं, तुमची गाडी नीट होईल तवर माह्या तोंडात दात राहणार नाहीत. तुम्ही हसले. मले हसाचं नव्हतं. शेजारच्या मॅडम गाडी घेऊन यवतमाळले जातात, एकट्या जातात. मी म्हणलं, सरळ सांगा ना, बायकोच्या हाती स्टेअरिंग द्याचं जिवावर येते. मी काय खाऊन टाकणार आहे तुमची गाडी? तुम्ही पाना उचलून परत गाडीखाली शिरत, अन् माहा पारा अजून चढे.

अन् ते रविवार! रविवार आला का तुमची शकीलभाईसंग "ट्रायल". सकाळी छान कडक इस्त्रीचा शर्ट घालून जाचं अन् दुपारी परत याचं ते राखेसारखं तोंड घेऊन. जेवण नको. पाणी नको. भिंतीकडं तोंड करून आडवं पडाचं. अन् तोंडाले सोपेचा, बडीशेपेचा वास. आता सांगा, कोणत्या बाईले काय वाटन? रविवार, दोस्त, दुपारी पडून राहणं, अन् वरून सोप खाल्लेली! मी विचारलं, "किती घेतली?" तुम्ही म्हणले, "काही नाही वं, पित्त झालं." दर रविवारी पित्त? पित्ताले वार कळते का? तुम्ही चादर डोक्यावर घेतली. मी दिवसभर भांडे आपटले. अन् ऐका, मले त्याचं आजही काही वाटत नाही. तुम्ही सांगाचं होतं.

पार्सल आलं तवा बी तेच. तुम्ही पुठ्ठा सोडून तो रॉड मांडीवर आडवा घेऊन बसलते, हात फिरवत, पोरगी झाली तवा तिच्या अंगावर फिरवत तसा. मले सहनच झालं नाही. मी म्हणलं, "हा बसवा नाही तं चुलीत घाला. तुले गाडी शिकवाचीच नाही, एवढं एकदाचं तोंडानं म्हणा."

तुम्ही वर पाह्यलं. "हा एकच वं. हा बसला का झालं."

"काय झालं?"

"झालं म्हणजे झालं."

मी ताट आपटलं अन् आत गेली.

दुसऱ्या दिवशी काट्यावर कापसाच्या गाड्यायची रांग होती म्हणतात. एक गाडी मोजली, पुढच्याले हात केला, अन् टेबलावर डोकं ठेवलं. गाडीवाल्याले वाटलं, झपकी लागली. बाकीचं मी लिहीत नाही. बाकीचं साऱ्यायनं मले इतक्या वेळा सांगतलं का आता ते दुसऱ्याच कोणाचं वाटते.

तेरवीले शकीलभाई आले. जेवाले बसवलं, पण ताट तसंच ठेवलं. उठून अंगणात गाडीजवळ जाऊन उभे राह्यले. मी पाणी घेऊन गेली.

"भाभी, रॉड आला होता ना."

"आला. तुमचे दोस्त गेले."

त्यायनं वाकून गाडीखाली पाह्यलं. मंग म्हणले, "बसवून देऊ का?"

"कायले? पोरगी गाडी विका म्हणून राह्यली."

"भाऊची लई इच्छा होती, भाभी. म्हणत होते, हा मागचा रॉड बसला का मी बाजूले बसतो अन् भाभीले चालवाले देतो."

मंग मले रागच आला. "शकीलभाई, खोटं बोलू नका. आजकाल सारेच मले गोड गोड सांगून राह्यले. हे असे होते, ते तसे होते. माह्या नवऱ्याले गाडीचा गेअर मले दाखवाचा नव्हता, अन् तुम्ही म्हणता चालवाले देणार होते."

"कसम से, भाभी." अन् मंग इकडंतिकडं पाहून, आवाज खाली करून म्हणले, "भाऊले बाजूच्या सीटवर ओकारी होत होती. तुमच्यासारखीच. तुमच्याहून जास्त."

मी हसली. खरंच हसली, तेरवीच्या दिवशी, भर अंगणात. पण शकीलभाई हसले नाहीत.

"ट्रायलले गाडी मी चालवत होतो. भाऊ तुमच्या सीटवर बसत. आधी तर्री-पोहे खात, वरून तिखट रस्सा ओतून, पोटभर. मी म्हणे, कायले खाता? तं म्हणे, भाभी मायरी जाते तं जेवूनच जाते ना, रिकाम्या पोटाची ट्रायल काय कामाची? मंग त्या पुसदच्या घाटात मी एकाच स्पीडनं गाडी न्याची. भाऊ डोळे मिटून बसत. जिथं 'थांबव' म्हणले तिथं थांबाचं. जुन्या रॉडवर नाल्याच्या पुलालेच थांबलो. नवे बुश टाकले तं विटभट्टीपरेंत गेलो, काय खूश झाले भाऊ! पुढचा जाड रॉड टाकला होता ना, भाऊबीजेनंतर तो काढाच्या आधी ट्रायल घेतली, तवा पुलाच्या बी अलीकडंच आलो होतो परत. विटभट्टीच्या पुढं कधीच गेलो नाही. उतरत, ओकत, कुल्ला करत, सोप खात. मी म्हणे, भाऊ, सोडा ना. तं म्हणे, चाल, अजून एकदा."

त्यायच्यासाठी आणलेलं पाणी मी सोताच पिऊन टाकलं.

जिंदगी काट्यावर गेली तुमची. दुसऱ्याच्या कापसाचं वजन करताना पाच-दहा किलोची चूक चालत नव्हती तुमाले. अन् गाडी मोजाले लावलं काय, तं सोताचं पोट. या घाटात कोणी असा काटा लावला असन का हो? कोणाच्या डोक्यात तरी येईन का?

मी तशीच आत गेली अन् आक्काले विचारलं. आक्का आधी हसली अन् हसता हसता रडाले लागली. "अगं माय, त्याले तं बैलबंडीत बी होये! मामाच्या गावाले जाताना एसटीत कंडक्टर त्याले दारातच उभा करे. तुले माहीत नव्हतं?"

मले माहीत नव्हतं. मले माहीत नव्हतं अन् मी तुमच्यासंग एका घरात राहत होती. आता एकेक आठवून राह्यलं. तुम्ही माह्यासंग एसटीत कधी बसलेच नाहीत. "तू हो पुढं, मी मोटरसायकलनं येतो." लग्नाले दुसऱ्या कोणाची गाडी केली का तुम्ही आधी जाऊन म्हणत, "चावी आणा इकडं, मी चालवतो." लोकं म्हणत, काय हौस आहे या माणसाले गाडीची! मी बी चारचौघीत मिरवून सांगे, यायले लई हौस आहे.

पाहुणे गेल्यावर आक्का झोपली दुपारची, अन् मी घरभर फिरून राह्यली. कपाट उघडलं, लावलं. तुमचे शर्ट काढले, परत ठेवले. डोक्यात एकच गोष्ट फिरून राह्यली. म्हणजे तुमाले माहीत होतं. चालवणाऱ्याले ओकारी होत नाही, हे तुमाले लहानपणापासून नाही तरी गाडी हातात आल्यापासून पक्कं माहीत होतं. माह्या पोटाचं औषध स्टेअरिंग होतं. तुमच्याही पोटाचं तेच. अन् गाडीत स्टेअरिंग एकच. ते तुम्ही धरून बसले अन् माह्यासाठी रॉड हुडकत फिरले.

किती राग आला म्हणून सांगू! अन् लाज कायची वाटली तुमाले? मी तुमच्यासमोर भर रस्त्याच्या कडेले वाकून ओकली, एकदा नाही, दर खेपेले. येणारेजाणारे पाहत. तुम्ही माह्या पाठीवर हात ठेवून उभे राह्यले, केस मागं धरले, तोंड पुसलं. मी नसता ठेवला हात तुमच्या पाठीवर? मी नसतं म्हणलं, होऊ दे, होऊ दे? बायकोनं ओकलं तं चालते अन् नवऱ्यानं ओकलं तं काय आभाळ कोसळते का? बाप्पा, काय माणूस होते तुम्ही!

अन् एवढं सारं कळूनही मले जे पाह्यजे ते कळलंच नव्हतं. शकीलभाई म्हणले, रॉड बसला का बाजूले बसणार होते. ठीक आहे. पण रॉडनं तुमचं पोट नसतं ऐकलं तं? मंग अजून एक रॉड? अजून एक बुश? माणसाले टाळाचं असलं का कारण कधी संपत नाही. मले झोप येईना, जेवण जाईना. शेवटी हे एवढं लिहून मी कागद बाजूले ठेवला अन् शकीलभाईले फोन केला. म्हणलं, "या अन् बसवा तो रॉड. अन् रविवारी ट्रायल. तर्री-पोहे मी खाते."

"भाभी, तुम्ही कायले त्रास..."

"तुमच्या भाऊची सीट रिकामी आहे ना? मंग मी बसते."

त्यायनं गाडीचा मागचा भाग जॅकवर घेतला, बीमले दोन्हीकडून क्लॅम्प लावले अन् तो रॉड आडवा कसला. मी बाजूले खुर्ची टाकून पाहून राह्यलती, अन् खुर्चीवरून दर मिनिटाले उठून राह्यलती. शकीलभाईनं मले आत जा म्हणलं तं आक्का म्हणे, तिले पाह्याचं असन तं पाहू दे. रॉड बसला. खाली वाकून पाह्यलं तं काही विशेष दिसत नाही हो. एक काळा दांडा. यासाठी तुम्ही एवढे मेहनतीले लागलते.

रविवारी दिग्रसच्या पुढं गेलो. घाटाच्या आधी टपरीवर मी सारे पोहे खाल्ले, तर्री मागून घेतली. शकीलभाईले वाटलं, ही बाई आज गाडी खराब करते. डोळे मिटून बसली, तुमच्यासारखीच.

पहिलं वळण आलं. अन् गाडी कललीच नाही. म्हणजे वळली, छान वळली, पण झोक नाही, हेलकावा नाही. शकीलभाईच्या तोंडून निघून गेलं, "क्या बैठी है गाडी! भाभी, नुसतं बोट फिरवलं तं वळून राह्यली. मागचे चाकं आता कामाले लागले." नाल्याचा पूल गेला. मी डोळे मिटलेलेच. त्यायनं हळूच सांगतलं, "पूल गेला, भाभी." अजून चार-पाच वळणं गेले. मंग म्हणले, "विटभट्टी."

विटभट्टी मागं गेली अन् मले एकदम भेव वाटलं. घाटाचं नाही, गाडीचं नाही. मले भेव वाटलं का मी आता वरपरेंत जाते. मी जर काही न होता वर गेली, तं तुमचं सारं बरोबर होतं. तं तुम्ही एका रविवारानं चुकले. पार्सल जराही आधी आलं असतं तं तुम्ही या सीटवर अन् मी त्या सीटवर, अन् आपण दोघं पुसदले गेलो असतो. हे मी कसं सहन केलं असतं? मी मनातल्या मनात म्हणून राह्यली, होऊ दे, होऊ दे.

अन् झालं. माथा दिसाले लागला अन् पोटात ढवळलं. "थांबवा," मी म्हणलं. उतरली. सारे पोहे, सारी तर्री. ओकारी आल्याचा एवढा आनंद मले जिंदगीत झाला नाही. मी ओकून राह्यली अन् रडून राह्यली अन् शकीलभाई बिचारे पाण्याची बाटली घेऊन दुसरीकडं तोंड करून उभे.

"पुढं तं लई आलो, भाभी," ते म्हणले. एकदम पडेल आवाज होता. "गाडी एक नंबर झाली. हँडलिंगले तोड नाही. पण पोटाले नाही जमलं पुरतं."

मी तोंड धुतलं. दगडावर बसली. अन् मले जे विचाराचं होतं ते विचारलं. "खरं सांगा शकीलभाई. तुमच्या भाऊले बी असंच झालं असतं. मंग काय केलं असतं त्यायनं? अजून एक रॉड?"

शकीलभाईनं बाटलीचं झाकण लावलं. "मी बी हेच विचारलतं त्यायले. पार्सल आल्याचा फोन केला ना त्यायनं मले, तवाच. मी म्हणलं, भाऊ, यानंही नाही जमलं तं? तं हसले. म्हणे, आता बस झालं शकील, ती लई चिडली. हा शेवटचा. जमलं तं जमलं. नाही तं ओकीन, पण बसीन."

ओकीन, पण बसीन.

हे कोणी माह्या समाधानासाठी बनवून सांगतलं असं मी म्हणूच शकत नाही. शकीलभाईले असं सुचलं नसतं. मले सुचलं नसतं. हे तुमचंच आहे, तुमच्याच तोंडचं, अन् मी घरात ताट आपटून राह्यलती तवा तुम्ही हे दुसऱ्या माणसाले फोनवर सांगून बसले होते. मले सांगतलं असतं तं काय बिघडलं असतं? मी चिडवलं असतं, जिंदगीभर चिडवलं असतं, साऱ्या मायरी सांगतलं असतं. तेवढं सोसलं असतं तुम्ही. त्याहून जास्त सोसलं तुम्ही त्या सीटवर.

पोरगीले मी फोन करून सांगतलं, गाडी विकत नाही. ती म्हणाली, मंग काय करशीन? म्हणलं, शिकते. जिनिंगमागच्या मोकळ्या जागेत शकीलभाई शिकवून राह्यले. क्लच सोडला का गाडी उडी मारते अन् बंद पडते. आज मी तिसऱ्या गेअरपरेंत गेली अन् मले काहीच झालं नाही. पोटात काहीच झालं नाही. गाडी थांबवून मी तिथंच रडली, अन् शकीलभाईले वाटलं, ब्रेक जोरात लागला.

तुमच्यावरचा राग गेला नाही, जाणार बी नाही लवकर. माह्यासाठी एवढं कोणी केलं नाही, हे बी खरं आहे. दोन्ही गोष्टी घरभर माह्या मागं फिरून राह्यल्या. पण एक सांगते, ऐका. तुम्ही बाजूले बसले असते ना, तं घाटात मी अशी चालवली असती का मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून थकले असते, एसटी आपल्याले मागं टाकून गेली असती, सायकलवाले हसले असते, तरी मी एक्सलेटर दाबला नसता. मी लई हळू चालवली असती हो.